शेख बाईंचा 'अ'

आरमोरीच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी शेजारच्या खोलीतून अख्खा वर्ग एकदम ओरडल्याचा आवाज आला. कौलातून साप पडला असावा असं वाटून मी खडू हातात तसाच धरून धावले. दारात पोचले तर साप नव्हता. सगळी मुलं खिडक्यांना चिकटली होती आणि मधल्या बाकावर, चपला खाली काढून ठेवून, ठेंगण्या अंगाच्या एक बाई उभ्या होत्या. निळी सुती साडी, पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचलेला, आणि नजर बाहेरच्या उंबरावर.

"आता दिसला का?" त्यांनी विचारलं.

"दिसला, बाई!"

"मंग म्हना."

"व्हॉट अ ब्युटिफुल बर्ड!" वर्ग पुन्हा ओरडला.

उंबरावर एक हरियल बसला होता. हिरवट पिवळा, पानांत इतका मिसळून गेलेला की मला तो सापडायला वेळच लागला. सापडला तेवढ्यात फांदी हलली आणि ध्यानात आलं, तिथे एक नाही, झाडभर हरियल आहेत. मागच्या खिडकीतला एक मुलगा उत्साहाने किंचाळला, "व्हॉट अ ब्युटिफुल बर्ड्स!"

"थांब गा," बाई बाकावरूनच म्हणाल्या. "पयले एक होता. आता किती हायेत?"

"लय हायेत."

"मंग तो 'अ' कोनासाठी ठेवला तुनं? तो एकट्याचा सोबती हाये. थवा आला का त्याले सोडून द्याचं."

"व्हॉट ब्युटिफुल बर्ड्स!" या वेळी वर्ग इतक्या जोराने ओरडला की सगळा थवा भुर्रकन उडाला. बाई हसत खाली उतरल्या, चपला घातल्या आणि तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी कोण, इथे कशी, हे त्यांनी विचारलं नाही. "तुमाले दिसले ना? उडाच्या आधी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

नसीम शेख त्यांचं नाव. शाळा, गाव, बाजार, सगळीकडे त्या शेख बाई. घराण्याचा धंदा बांगड्यांचा. वडील आणि त्यांच्यामागे भाऊ इकबालभाई आठवडी बाजारात बांगड्यांची पेटी घेऊन बसत. बाईंच्या हातात मात्र एकही बांगडी नसे. फळ्यावर लिहिताना वाजतात आणि मुलांचं लक्ष तिकडे जातं, म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. घरी हिंदी, वर्गात स्वच्छ इंग्रजी आणि समजावून सांगताना इथली झाडी बोली, अशा तिन्ही भाषांत त्या सहज ये-जा करायच्या.

दहावीच्या परीक्षेत साध्या वाक्याचं उद्गारवाचक वाक्य करा, असा एक किरकोळ प्रश्न असे. बाकीचे शिक्षक एका तासात तो उरकत. पुढे 'व्हॉट अ' लावा, मागे उद्गारचिन्ह द्या, झालं. शेख बाई त्याच्यावर अख्खा पावसाळा घालवत. नियम तसा सोपा होता. वस्तू मोजता येणारी आणि एकच असेल तर 'अ' लावायचा. अनेक असतील तर नाही. आणि जी मोजताच येत नाही तिला तर नाहीच नाही. पाणी, दूध, हवा यांचं मुलांना पटायचं. बातमीपाशी गाडी अडायची.

"बाई, बातमी तं मोजता येते. रेडिओवाला रोज सांगते ना, एक झाली का दुसरी."

"इंग्रज लोकायले नाई येत मोजता."

"काऊन?"

"मले नाई माहीत," बाई म्हणायच्या. हे त्या इतक्या खुशीत म्हणायच्या की पोरांना वाटावं, माहीत नसणं ही काहीतरी चांगली गोष्ट आहे. मग दोन-दोन दिवस वर्ग बातमी, केस, सल्ला, सामानसुमान यांच्यावर वाद घालत बसायचा.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत भाकरी खाता खाता विचारलं, "बोरकर बाई, तुमच्या मराठीत 'किती' कधी म्हनता आन् 'केवढं' कधी?"

मी म्हटलं, दोन्ही एकच.

"एकच कसं? 'केवढं घर' म्हनता. 'किती घर' म्हनता का?"

"नाही. 'किती घरं' म्हणतो."

"आन् पाऊस?"

"किती पाऊस. केवढा पाऊसही म्हणतो."

बाईंनी घास हातात तसाच धरला. "म्हनजे एकटं घर असलं तं केवढं. लय असले तं किती. आन् पावसाले दोनी चालते. तुमच्याकडेही तो 'अ' हाये, बाई. लपून बसला हाये."

मी एम. ए. मराठी होते आणि हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी दिवसभर मी जे दिसेल त्याला किती आणि केवढं लावून पाहत होते.

पण बाईंचा खरा नियम व्याकरणाचा नव्हता. आश्चर्य वाटल्याशिवाय हे वाक्य तोंडाने उच्चारायचं नाही, असा त्यांच्या वर्गाचा कायदा होता. त्यामुळे मुलं सदा आश्चर्याच्या शोधात असायची. कोणी खिशात सापाची कात घेऊन यायचं, कोणी कोळ्याचं जाळं दाखवायला वर्गाला कुंपणापाशी न्यायचं.

या कायद्यापायी एकदा फजिती झाली. शाळेच्या तपासणीला साहेब आले होते. मी पुढच्या तासासाठी व्हरांड्यात उभी होते, त्यामुळे सगळं दिसत होतं. साहेबांनी नववीला विचारलं, "एखादं उद्गारवाचक वाक्य कोण सांगेल?"

मुलं एकमेकांकडे, छताकडे, खिडकीबाहेर पाहू लागली. मुख्याध्यापक डोळ्यांनी बाईंना खुणावत होते, पण बाईसुद्धा इकडेतिकडे काही सापडतं का ते पाहत होत्या.

"एकालाही येत नाही?"

"येते ना सर," एक मुलगा उठून म्हणाला. "पन सध्या काई वाटून नाई राह्यलं."

साहेब चिडले. "वाटायचं काय त्यात? वाक्य सांगायचं."

बाई पुढे झाल्या. "साहेब, आमच्या वर्गात तसा नियम हाये. तुमाले इतक्यात कायचं आश्चर्य वाटलं असंन तं सांगा. पोट्टे त्याचं वाक्य करतीन."

साहेब काहीतरी कडक बोलणार असं वाटलं. पण ते थांबले. खरोखर आठवू लागले असावेत. मग जरा अनिच्छेनेच म्हणाले, "सकाळी येताना रस्त्यात वाघ आडवा गेला."

वर्गाचा वर्ग उभा राहिला. कुठी? केवढा होता? पलटून पाह्यलं का त्यानं? साहेब एकेकाला उत्तर देऊ लागले. जीप कशी थांबवली, वाघ रस्त्याच्या मधोमध कसा उभा राहिला आणि घाई नसल्यासारखा झुडपात गेला. सांगता सांगता ते टेबलाला टेकून बसले.

"हं, म्हना आता," बाई म्हणाल्या.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पन बाई, आमी कुठी पाह्यला? सायबानं पाह्यला. त्यायनंच म्हनाचं."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "व्हॉट अ टायगर!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. तरी जाताना त्यांनी शेरा लिहिलाच, की इंग्रजीत तोंडी सराव कमी आहे. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. परीक्षेत मुलांचे गुण गेले तर जबाबदार कोण, असं ऐकवलं. त्यानंतर बाईंनी कायद्यात एक पोटकलम घातलं. "पेपरात बिनधास्त लिहा. लिहाले आश्चर्य लागत नाई. बोलाले लागते."

त्याच नववीत जानकी कुमरे होती. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका लहान गावची, घरी गोंडी बोलणारी, इथे वसतिगृहात राहून शिकणारी. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने एक दिवस हात वर केला. पुस्तकात 'व्हॉट अ पिटी' असं आलं होतं.

"बाई, पिटी म्हनजे कीव ना? कीव तं दिसत नाई. मोजाची कशी? मंग तिले 'अ' काऊन?"

बाई पुस्तकाकडे पाहतच राहिल्या. इतकी वर्षं त्या हे वाक्य शिकवत आल्या होत्या. "मले नाई माहीत," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांची झोप उडाली. चंद्रपूरला जाऊन त्यांनी एका निवृत्त प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी 'वाक्प्रचार आहे, तसाच पाठ करा' असं सांगितलं. बाईंना ते उत्तर वाटेना. पाठ तर त्यांनी आधीच केलं होतं.

हिवाळ्यात शाळेची सहल मार्कंड्याला गेली. वैनगंगेच्या काठी ती जुनी देवळं, भिंतीभर कोरलेल्या मूर्ती. मुलं मूर्ती पाहण्यात गुंग असताना बाईंना कोपऱ्यात एक परदेशी म्हातारी दिसली. पांढरे केस, डोक्यावर गवती टोपी, मांडीवर फळी ठेवून एका मूर्तीचं चित्र काढत बसलेली. बाई तडक तिच्यापाशी गेल्या. मागोमाग सगळा वर्ग, आणि वर्गामागे मी.

आधी तिचं गाव विचारलं. ती इंग्लंडची निघाली. बाईंनी दोन्ही हात छातीशी धरले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रज माणूस पाहिला होता. मग एकही मिनिट वाया न घालवता त्यांनी जानकीला पुढे केलं आणि तिचा प्रश्न विचारायला सांगितला. जानकी मान खाली घालून पुटपुटली. म्हातारीने पेन्सिल खाली ठेवली, विचार केला, ओठ हलवून दोन-तीन वाक्यं स्वतःशीच म्हणून पाहिली. मग हसली आणि म्हणाली, "व्हॉट अ गुड क्वेश्चन! आय हॅव नो आयडिया."

परतीच्या वाटेवर एसटीत बाईंचा आनंद मावत नव्हता. "त्यायलेही नाई माहीत!" त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "आन् आयकलं का, प्रश्नाले 'अ' लावला तिनं. म्हनजे प्रश्न मोजता येते." जानकी खिडकीशी बसली होती. इंग्लंडच्या बाईलाही जे आलं नाही ते आपण विचारलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

त्या वर्षाच्या शेवटी शेवटी बाईंचा आवाज बसला. खडूची धूळ, गार पाणी, उन्हाळा, आम्ही सगळ्यांनी सगळी कारणं काढली. बाईंनी ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज काही सुटेना. शेवटी इकबालभाई त्यांना नागपूरला घेऊन गेले. गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली, पण आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एक पडदाही तिच्यासोबत काढावा लागला. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले. आवाज पहिल्यासारखा यायचा नाही. आणि काही आठवडे तर कुजबुजसुद्धा करायची नाही.

मी भेटायला जाई तेव्हा बाई उशीला टेकून बसलेल्या असत. मांडीवर भाचीची शाळेची पाटी. घरात माणसांची रीघ होती. जो येई तो खाली मान घालून उसासे टाकी, "अरेरे, शेख बाईंचा आवाजच गेला," म्हणे. बाई ऐकून घेत. एका दुपारी चार-पाच जणं उठून गेल्यावर त्यांनी पाटीवर काहीतरी भराभर लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. 'जानकीचं उत्तर सापडलं. प्रत्येक जण आपापली कीव वेगळी घेऊन येतो. म्हणून मोजता येते.'

मी हसले. त्याही हसल्या, पण हसण्याचा आवाज आला नाही. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पाटी पुसून त्यांनी लिहिलं, 'मी शिकवणार कशी?' मी त्यांचा हात धरून बसले.

मी तिथे असतानाच एकदा जानकी आली. सोबत तिचे वडील होते. दोन गाड्या बदलून, भर उन्हात, पितळेच्या डब्यात जंगलातला मध घेऊन आले होते. "जोहार," त्यांनी दारातच हात जोडले. घशाला बरं असतं म्हणून आणला, एवढं बोलून ते भिंतीला टेकून उकिडवे बसले. ते कीव करायला आले नव्हते. घरात, पंख्याकडे, पाटीकडे, मोकळेपणाने पाहत होते.

इकबालभाईंच्या बायकोने डब्याचं झाकण काढलं. काळपट, घट्ट मध. बाईंनी करंगळी बुडवली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग डोळे उघडले, आणि आम्हाला कळायच्या आत, वाळलेलं पान घासावं तसा एक आवाज आला.

"व्हॉट हनी!"

"नसीम! डॉक्टर ने मना किया है!" इकबालभाई आतून धावत आले.

जानकीच्या वडिलांना काहीतरी बिघडलं असं वाटलं. त्यांनी घाबरून मुलीला विचारलं, "काय म्हनली वो बाई?"

जानकी बाईंकडे पाहत म्हणाली, "मध मोजता येत नाई ना, म्हून 'अ' नाई लावला."

"थे राहू दे. म्हनली काय?"

"लय चांगला हाये म्हनली."

वडिलांनी समाधानाने मान हलवली. बाई उशीवर मागे टेकल्या होत्या. घसा दुखत असावा, पण चेहरा हरियल दिसल्यावर व्हायचा तसा झाला होता.

जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना ग्रंथालयाचं काम देऊ केलं, पगार तोच, त्रास कमी. बाईंनी मानेनेच नकार दिला. पहिल्या तासाला त्या दहावीवर गेल्या. मी माझ्या वर्गात होते, पण कान पलीकडे. काहीच ऐकू येईना. मग मागच्या बाकावरून एका मुलाचा आवाज आला, "बाई, आयकू नाई येऊन राह्यलं." तो वाईटपणाने बोलला नव्हता. पण त्या तासानंतर बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. जवळ गेले तेव्हा त्या श्वासातच म्हणाल्या, "बाई, मले भेव लागलं. चाळीस तोंडं माझ्याकडे पाहून राह्यले, आन् माझं बोलनं तिसऱ्या बाकापर्यंतही नाई पोचत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक भिंतीला लावायला लावले आणि सगळ्या वर्गाला जमिनीवर आपल्याभोवती दाटीवाटीने बसवलं. 'अ' लागत असेल तर एक बोट, नसेल तर उघडा पंजा, अशी खूण ठरवली. आणि पाठ, कविता, जे जे मोठ्याने वाचायचं ते जानकीने वाचायचं. जानकीने नाही म्हणून पाहिलं, पण बाईंनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं ते परत घेतलंच नाही. पहिले काही दिवस ती अडखळायची. मग तिचा आवाज भिंतीपलीकडे मला स्पष्ट ऐकू यायला लागला, थोडासा जाड, शब्दाच्या शेवटी ठाम थांबणारा.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. काही पालकांनी तक्रार केली, काही मुलांनी शिकवणी लावली. पूर्वीसारखा अख्खा वर्ग ओरडायचा तो थांबला. बाई कुजबुजत म्हणून मुलंही नकळत कुजबुजायला लागली. पण पलीकडे ती कुजबूज सुरू झाली की माझा दंगेखोर वर्ग आपोआप गप्प व्हायचा. काय चाललंय तिकडे, म्हणून कान टवकारायचा. बाईंनी निवृत्त होईपर्यंत असंच शिकवलं. जानकी दहावी झाली, पुढे नर्सिंगला गेली.

माझी बदली चंद्रपूरला झाली. बाई निवृत्तीनंतर भाचीकडे सिंदेवाहीला राहायला गेल्याचं कळलं होतं. जाऊ, भेटू, असं म्हणत राहणं झालं.

मग एका ऑक्टोबरात ब्रह्मपुरीहून परतताना सिंदेवाहीला आमची एसटी गर्दीत अडकली. भात संशोधन केंद्रावर शेतकऱ्यांचा मेळावा होता, रस्त्याच्या कडेने बैलगाड्या आणि मोटारसायकली लागल्या होत्या. मी खिडकीतून सहज पाहत होते. कुंपणाच्या आत, धानाच्या वेगवेगळ्या वाणांच्या पाट्या लावलेल्या वाफ्यांमध्ये, एक ठेंगणी बाई दिसली. पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचलेला. केस पूर्ण पांढरे झाले होते.

मी हाक मारली. एसटीच्या इंजिनात ती विरून गेली.

बाईंसमोर केंद्रातला एक तरुण अधिकारी उभा होता. बाई एका लोंबीकडे बोट दाखवून त्याला काहीतरी विचारत होत्या. त्याला ऐकू जाईना. तो वाकला, आणखी वाकला, शेवटी कान अगदी त्यांच्या तोंडापाशी नेला. ऐकून तो सरळ झाला, डोकं खाजवलं आणि पलीकडच्या एका वयस्कर साहेबांना हाताने बोलावून घेतलं. ते आले, तेही वाकले. जवळून जाणारे दोन शेतकरी थांबले, एकाने पागोटं मागे सारून कान पुढे केला.

वाहकाने घंटी वाजवली. गाडी हलली. ती सगळी माणसं बाईंभोवती वाकून उभी होती, वयस्कर साहेब तर आता लोंबी हातात घेऊन तिच्याकडे निरखून पाहत होते, आणि मधे शेख बाई हनुवटी वर करून उत्तराची वाट पाहत होत्या.